फटफटीच्या रंगाआधी खार धुवा

पाऊस उघडून दसरा जवळ आला, की गावोगाव फटफट्या धुऊन पूजेला उभ्या राहतात. टाकीवरचे पोपडे आणि मडगार्डचा गंज तेव्हाच डोळ्यांत भरतो. मग ‘यंदा घरीच रंग मारू’ असा बेत ठरतो. बेत चांगला आहे. पण रंग मारणे हे शेवटचे काम. रंग टिकतो तो त्याखालच्या तयारीवर.

अकोट तालुक्याचा पूर्णेकडील भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरी-बोअरच्या खाऱ्या पाण्याने गाडी धुतली जाते, मागे युरियाची पोती बांधली जातात, मडगार्डच्या पोटात काळी माती चिकटून ओल धरते. हा खार रंगाखाली राहिला, की तो बाहेरची ओल आत ओढतो. रंगाला फोड येतात आणि आतून गंज पसरतो. म्हणून या कामाला पाणी गोडेच घ्यावे, वान धरणाचे नळाचे किंवा साठवलेले पावसाचे.

जागा आधी ठरवावी. ज्या घरात कापूस किंवा कुटार साठवले आहे, चूल पेटते, तेथे हे काम करूच नये. थिनर व पेट्रोलची वाफ ठिणगीने भडकते. सावलीची, हवेशीर, मोकळी जागा पाहावी. विडी-काडी दूर ठेवावी.

टाकी उतरवून पेट्रोल झाकणाच्या डब्यात काढावे. रिकामी टाकी निर्धोक नव्हे; आतली वाफ पेट्रोलपेक्षा घातक असते. पोचा काढण्यासाठी टाकीला घरी वेल्डिंग लावू नये. पोच लांबीने भरावी.

सुटे भाग साबणाच्या गोड्या पाण्याने दोनदा धुवावेत. मडगार्डची आतली बाजू ब्रशने घासावी. वाळल्यावर पत्र्यावरचे तेल-ग्रीस टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून कोरडे फडके फिरवावे. हे घासण्याआधी करावे, नाहीतर तेल कागदाबरोबर पत्र्यात मुरते.

आता पॉलिश पेपर. गंज ८० किंवा १२० नंबरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा. घट्ट बसलेला जुना रंग खरवडू नये. ३२० नंबरच्या पाणकागदाने त्याची चमक मारली म्हणजे पुरे. जुना रंग व उघडा पत्रा यांच्यामधली कड इतकी उतरवावी, की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून रंग ओलाच घासावा, नाका-तोंडाला मास्क लावावा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. प्लास्टिकच्या भागांना थिनर लावू नये.

लांबी पातळ थरांनी भरावी. ती पाणी शोषते, म्हणून कोरडीच घासावी. उघडा पत्रा रात्रभर तसा ठेवू नये. त्याच दिवशी प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत. वाळल्यावर ४०० नंबरने हलके घासून, गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे. त्यानंतर उघडा हात लावू नये, कारण घामातही मीठ असते.

चेसिस नंबरवर लांबी किंवा रंगाचा जाड थर येऊ देऊ नये. गाडीचा रंग आर. सी. मध्ये नोंदलेला असतो. तो बदलायचा असेल, तर आधी अकोल्याच्या परिवहन कार्यालयात विचारावे. तोच रंग दिला, तर हा हेलपाटा वाचतो.

आणखी एक. हार्डनर मिसळायचा पी. यू. रंग घरी फवारू नये. त्याचा फवारा फुफ्फुसाला अपाय करतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाने तो अडत नाही. असा रंग हवा असेल, तर तयारी घरी करून भाग पेंटरकडे द्यावेत. निम्मे कष्ट घरचे आणि रंग पक्का.

पुढील अंकी : साधा रंग ब्रशने व फवाऱ्याने कसा द्यावा.