‘आपला माणूस’ ठरवतं कोण?

आफ्रिकेत लोक जमात बघून मत देतात, असं आपण सहज म्हणून मोकळे होतो. दोस्तांनो, जरा थांबा. मलावी आणि झांबिया यांच्यातली सीमा इंग्रजांच्या काळातली. तिच्या दोन्ही बाजूंना चेवा आणि तुंबुका हे दोन समाज राहतात. मलावीत १९९४ च्या निवडणुकीत मध्य भागातले चेवा बांदांच्या पक्षामागे गेले, उत्तरेतले तुंबुका चिहानांच्या. झांबियात मात्र १९९१ मध्ये देशभर हरलेल्या काउंडांच्या पक्षाला पूर्व प्रांतात दोघांनीही साथ दिली.

समाज तेच, मग वागणं वेगळं का? अभ्यासक डॅनियल पोस्नर सांगतात, मलावीत हे दोन्ही समाज संख्येने मोठे आहेत. एकेकाच्या जोरावर पक्ष उभा राहतो. झांबियात ते छोटे, त्यामुळे तिथे ‘आपण सारे पूर्वेकडचे’ म्हणणंच नेत्यांना परवडतं.

म्हणजे वैर रक्तात नाही, मतांच्या बेरजेत आहे. बेरीज बदलली की ‘आपला माणूस’ही बदलतो. तेव्हा जन्माची ओळख सांगून कुणी मत मागायला आलं, तर एवढंच विचारा: या बेरजेत फायदा नक्की कुणाचा?