सेवा कुठे आहे, आणि सेवाशुल्क कशाचं?



आज रेसिपी नाही, व्रताची माहितीही नाही. आज मी भांडायला बसले आहे.

जानेवारीत आमच्या धाकट्याला दहा वर्षं पूर्ण झाली. त्याने हट्टच धरला, यंदा वाढदिवस घरी नको, हॉटेलात. आमच्या सासूबाई एरवी बाहेर काही खात नाहीत. कंदमुळांचा त्याग आहे, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. पण नातवाचं मन मोडवेना म्हणून तयार झाल्या. मी दोन दिवस आधी बाणेरकडच्या एका मोठ्या हॉटेलात फोन करून विचारलं, "जैन मिळेल ना? संध्याकाळी पाचला किचन चालू असतं ना?" उत्तर आलं, "हो मॅडम, सगळं मिळेल."

पाचला आम्ही सहा जण पोचलो. दारात स्वागताला दोघं उभी होती, आत सगळ्या टेबलांना मिळून वाढायला एक मुलगा. मेनूकार्ड नाही, टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला. सासूबाईंकडे बटणांचा फोन. त्यांना मी माझ्या फोनवरून पदार्थ वाचून दाखवत बसले. मग त्या मुलाला नीट सांगितलं, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, आलं, काही काही नको. तो म्हणाला, "जैन ना मॅडम? हो जाएगा." लिहून काही घेतलं नाही.

जेवण यायला पन्नास मिनिटं लागली. सासूबाईंनी डाळीत रोटीचा तुकडा बुडवून पहिला घास घेतला आणि थांबल्या. चाळीस वर्षं जी चव जिभेला लागली नव्हती, ती त्यांना एका घासात कळली. काही बोलल्या नाहीत. घास रुमालात काढला, चूळ भरून आल्या आणि ताट पुढे सरकवलं. मी त्या मुलाला बोलावलं. तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, जैन ही है. बस तडके में थोडा लहसुन है."

मॅनेजर आले. वीस मिनिटांत दुसरी डाळ देतो म्हणाले. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि सूर्यास्त सवासहाच्या सुमारास होता. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. पोराचा दिवस आहे, केक कापा." मॅनेजरांनी त्यांच्यापुढे आईस्क्रीम आणून ठेवलं, फुकट. तोवर बाहेर अंधार पडला होता. त्या रात्री त्या उपाशी झोपल्या आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने प्रायश्चित्त म्हणून उपवास केला. चूक हॉटेलची, आणि उपवास माझ्या सासूबाईंचा!

आता बिल ऐका. जेवणाचे ४,२०० रुपये. त्यात प्रत्येक भाजी-डाळीमागे "जैन" म्हणून चाळीस रुपये जास्त, जे आधी कुणी सांगितलं नव्हतं. न मागता उघडून ठेवलेल्या पाण्याच्या तीन बाटल्याही त्यातच. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, ४२० रुपये. मग सेवाशुल्क धरून झालेल्या ४,६२० वर पाच टक्के जीएसटी, २३१ रुपये. एकूण ४,८५१. म्हणजे जी सेवा झालीच नाही तिचे पैसे दिले, आणि त्या पैशांवर करही भरला.

आधी हॉटेलवाल्यांची बाजू मांडते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. महागाई आपल्याला कुणी शिकवायला नको. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीच्या वर गेला तेव्हा आपणच आमटीत चिंच-आमसूल वाढवलं होतं. त्यांना एकोणीस किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, जागेचं भाडं आहे, तेल आहे, पगार आहेत, घरपोच मागवणाऱ्या ॲपचं कमिशन आहे. दर वाढवायचे तर वाढवा. कार्डावर स्पष्ट लिहा. ज्याला परवडेल तो येईल, नाही परवडणार तो घरी पिठलं-भाकरी खाईल. माझी तक्रार किमतीबद्दल नाहीच. जे लपवून घेतलं त्याबद्दल आहे, आणि पैसे घेऊनही जे दिलं नाही त्याबद्दल आहे.

जैनचे चाळीस रुपयेच घ्या. म्हणतात, वेगळी ग्रेव्ही करावी लागते, वेगळी कढई लागते. खरोखर वेगळी करत असाल तर चाळीस काय, पन्नास घ्या, आनंदाने देऊ. पण त्याच कढईत, त्याच डावाने, त्याच तडक्याची डाळ आणून वर चाळीस रुपये? २०२४ च्या सुरुवातीला लसूण किलोला चारशेच्या घरात गेला होता. तेव्हा लसूण वगळला म्हणून आपल्यातल्या एकीला तरी कुणी सवलत दिली का? वगळलं तरी जास्त, आणि न वगळता वगळलं म्हणून सांगितलं तरी जास्त!

कराचंही तेच. नोव्हेंबर २०१७ पर्यंत एसी हॉटेलात जीएसटी १८ टक्के होता, तो ५ टक्क्यांवर आला. आपण खूश झालो. पण कच्च्या मालावरच्या कराची वजावट बंद झाली, असं कारण देऊन बऱ्याच ठिकाणी मूळ दरच वाढले. उतरलेला कर आपल्या पर्सपर्यंत कितीसा पोचला?

कुणी म्हणेल, पुण्यात सेवा गोड होती तरी कधी? खरं आहे. मी लग्न होऊन सांगलीहून इथे आले तेव्हा इथल्या पाट्या वाचून दचकले होते. पण तो जुना मालक तिरसट असला तरी खोटा नव्हता. फळ्यावर जो दर, तोच बिलात. "लसूण आहे, तुम्हाला चालणार नाही, दुसरं घ्या," असं तोंडावर सांगायचा. वाढणारा माणूस पंधरा-पंधरा वर्षं तोच असायचा, त्याला माहीत असायचं की या काकू आलं खात नाहीत. आता "मॅडम, मॅडम" खूप आहे, आणि माहिती कुणालाच नाही. दोन-तीन महिन्यांत मुलं बदलतात. घरापासून हजार मैल लांब आलेल्या त्या पोराला जैन म्हणजे काय हे कुणी शिकवलेलंच नसतं. माझा राग त्याच्यावर नाही. कोविडच्या काळात स्वच्छतेसाठी म्हणून कार्ड गेलं आणि कोड आला. मग कोविड गेला, कोड राहिला, कारण माणूस वाचला. माणूस कमी केला आणि सेवाशुल्क मात्र ठेवलं.

या सेवाशुल्काचा नियम काय आहे, तो प्रत्येकीने लक्षात ठेवावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलं, की हॉटेलने सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये, आणि ते जेवणाच्या बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. म्हणजे द्यायचं की नाही, हे आपण ठरवायचं. पाण्याच्या बाटलीचं मात्र वेगळं आहे. हॉटेलात बसून पिताना छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. म्हणून बाटलीचं झाकण उघडायच्या आधीच "नको" म्हणायचं.

आता आपल्या भाषेत बोलू. पाठशाळेत आपण मुलांना अचौर्य शिकवतो. चोरी म्हणजे फक्त कुलूप तोडणं नव्हे. न दिलेलं घेणं, अदत्तादान, तीही चोरीच. विचारल्याशिवाय बिलात घातलेले ४२० रुपये दुसरं काय आहेत? आणि माहीत नसताना "जैन ही है" म्हणणं हे असत्य नाही तर काय?

पण पाठशाळेत आणखीही एक शिकवतात. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि होत असलेल्याला मान डोलावणं. इथे मला माझीच गोष्ट सांगायला लाज वाटते. बिल आलं तेव्हा मला नियम माहीत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, "जाऊ दे ना, लोक बघतायत." आणि मी गप्प बसले. पूर्ण ४,८५१ रुपये देऊन आलो.

गाडीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "महिला मंडळाच्या हिशेबात दहा रुपये कमी आले तर तू झोपत नाहीस. इथे का नाही विचारलंस?"

का नाही विचारलं? कारण "कंजूष" म्हणतील. आपल्या समाजाला हा शब्द इतक्या वेळा ऐकवलाय, की हिशेब मागायचीसुद्धा आपल्याला चोरी झाली आहे. टेबलावर आपण बायका पदार्थांचं बोलतो, बिल पुरुषांच्या हातात जातं आणि चारचौघांत वाद नको म्हणून सगळे मान डोलावतात. एक मैत्रीण मला म्हणाली, "अगं, आपण क्षमा करणारी माणसं." क्षमा माणसाला करायची असते गं, बिलाला नाही! त्या मुलाला मी त्याच क्षणी क्षमा केली. पण आज मी गप्प बसले, तर उद्या तुझ्या सासूबाईंच्या ताटात तीच डाळ येईल.

म्हणून मी ठरवलंय ते सांगते. आत गेल्यावर आधी विचारायचं, "सेवाशुल्क लावता का? जैनचे जास्त घेता का?" "जैन" एवढंच न म्हणता एकेक जिन्नस सांगायचा आणि लिहून घ्यायला लावायचा. ग्रेव्ही आधीची तयार आहे का, तेही विचारायचं. गोड आवाजात, पण विचारायचंच. सेवाशुल्क लावलं तर काढायला सांगायचं. नाही काढलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा. आणि हो, ज्या मुलाने मनापासून वाढलं त्याच्या हातात आपल्या हाताने पैसे ठेवायचे. दिलेलं द्यायला आपण कधी मागे नव्हतो.

कुंभोज-बाहुबलीला गेलं की भोजनशाळेत वाढणारे दादा पंगतीतून फिरत विचारतात, "ताई, भात? ताई, ताक?" तिथलं जेवण दानावर चालतं, त्याची हॉटेलच्या दराशी तुलना करणार नाही. पण विचारायला पैसे पडत नाहीत. ज्यांच्या घरची दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, त्यांनीही आज रात्री एकदा आपल्या बिलाकडे बघावं. नियम गिऱ्हाइकाला एक आणि गल्ल्यावर बसलेल्याला दुसरा, असा नसतो.

पुढच्या जानेवारीत वाढदिवस घरीच करायचा ठरलाय. सासूबाई स्वतः कच्च्या केळ्याची पावभाजी करणार आहेत. वाढायला मी आहे. सेवाशुल्क नाही.

जय जिनेंद्र.