नांगर उचलला

इंग्रजी 'सेलिंग'ला शब्दकोशात 'नौकानयन' असा भारदस्त शब्द सापडतो. पण वाचकहो, कोकणातला कोणता तांडेल कधी नौकानयन करावयास निघाला असेल? तो शीड उभारी, नांगर उचली आणि गलबत हाकारी. हे हाकारणे नि आमच्याकडचे गाडी हाकणे मला तरी एकाच घरचे वाटतात.

नांगराची मात्र गंमत आहे. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत 'लांगला'पासून आला, खलाशाचा फारसी 'लंगर'पासून. कुळे दोन, नाव एक!

ही गंमत बीडला शिकवायची म्हणजे पंचाईत. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पाणी म्हणावे तर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची गोदावरी. ऑगस्ट १७६३ मध्ये निजामाची काही फौज ती ओलांडून गेली आणि अलीकडे उरलेलीला माधवराव पेशव्यांच्या फौजेने राक्षसभुवनाशी गाठले. नदी पार करणे, एवढीच काय ती आमची दर्यावर्दी!

यंदा चाचणीत मी विचारले : 'गलबताने नांगर उचलला' म्हणजे काय? दोन गुण. एका मुलाने लिहिले, "पाऊस गेला की नांगर उचलून आढ्याला टांगतात. मग मुकादमाकडून उचल घेतात आणि सारे घर ऊस तोडायला जाते. चैतापर्यंत कोणी येत नाही."

मी लाल शाईने भोपळा काढला. वर प्राध्यापकांच्या खोलीत ते उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. आम्ही सगळे पोटभर हसलो.

दसऱ्यानंतर उत्तरपत्रिका वाटायला गेलो, तेव्हा त्याचा बाक रिकामा होता. शेजारचा म्हणाला, "सर, त्यो गेला. माय आजारी पडली. बापाला कोयत्याला जोडीदार नको का?" ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोन माणसे, बहुधा नवरा-बायको. एकाने कोयता चालवायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. उचल दोघांच्या नावावर फिटते.

ती उत्तरपत्रिका पुन्हा काढली. बंदर सोडणे, मुक्काम हलवणे, लांबच्या वाटेला लागणे, यातले काय त्याने लिहिले नव्हते? गलबत तेवढे नव्हते. भोपळा खोडून दोन गुण दिले. उत्तरपत्रिका माझ्या खणात आहे. चैत्र यायला अजून पाच महिने आहेत आणि विद्यापीठाची परीक्षा त्याच्या आत आहे.