एका अक्षराचे अंतर

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील पांढरकवडा हे कापसाच्या व्यापाराचे जुने गाव. महसुली दप्तरात तालुक्याचे नाव केळापूर, कचेऱ्या मात्र पांढरकवड्यात. या गावाचे नाव इंग्रजीत लिहिण्याची वेळ आली, की कोणी ‘व’साठी ‘डब्ल्यू’ घालतो, तर कोणी ‘ओ’वरच भागवून नेतो. जिल्ह्याच्या नावाचीही हीच कथा. इंग्रजी अमदानीत ‘यवतमाळ’ची सुरुवात ‘वाय-ई-ओ’ने होत असे, आज ती ‘वाय-ए-व्ही’ने होते. शेजारच्या वणीचे तर साहेबाने ‘वून’ करून टाकले होते आणि १९०५ पर्यंत सबंध जिल्हा त्याच नावाने ओळखला जाई. नावांच्या या ओढाताणीने फारसे कोणाचे बिघडले नाही. पांढरकवडा कसेही लिहिले, तरी गाव तेच राहते आणि टपालही तेथेच पोचते.

इंग्रजीतील सामान्य शब्दांना मात्र ही मोकळीक नाही. तेथे एक अक्षर बदलले, की अनेकदा दुसरा, तितकाच शुद्ध आणि सर्वस्वी निराळ्या अर्थाचा शब्द उभा राहतो. चूक चुकीसारखी दिसत नाही, हाच या शब्दांचा खरा धोका होय.

बँकेच्या कर्जखात्याचे उदाहरण घ्यावे. ‘प्रिन्सिपल’ हा शब्द ‘ए-एल’ने संपला, तर त्याचा अर्थ मुद्दल, ‘एल-ई’ने संपला, तर तत्त्व. कर्जदाराने मुद्दल फेडल्याचे पत्र लिहिताना लेखनिकाचा हात चुकला, तर बिचाऱ्याने ‘तत्त्व’ फेडल्याची नोंद होते. येथे हसून सोडून देता येईल. परंतु ‘मृत’ या अर्थाचा ‘डिसीज्ड’ आणि ‘रोगग्रस्त’ या अर्थाचा ‘डिझीज्ड’ या शब्दांची अदलाबदल झाली, तर हसू मावळते. पहिल्यात ‘डी’नंतर ‘ई-सी’ येते, दुसऱ्यात ‘आय-एस’; बाकीची अक्षरे तीच. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख ज्या जिल्ह्याने दीर्घकाळ सोसले आहे, तेथे कर्त्या माणसाच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला विम्यासाठी, बँकेतील ठेवीसाठी आणि मदतीसाठी किती कागद पुढे करावे लागतात, हे कोणत्याही कारकुनाला सांगावयास नको. १९६४ च्या राजभाषा अधिनियमामुळे राज्याचा कारभार मराठीत आला असला, तरी विमा कंपन्यांचा आणि बँकांच्या वरिष्ठ कार्यालयांचा पत्रव्यवहार अद्याप बव्हंशी इंग्रजीतच चालतो. अशा पत्रात मृत खातेदार ‘रोगग्रस्त’ ठरला, तर विचारणा होणार, उत्तर जाणार, आणि तोवर एखाद्या विधवेचे हेलपाटे वाढणार. संगणकही अशा वेळी मदतीला धावत नाही. त्याच्या लेखी दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे तो तांबडी रेघ ओढीत नाही.

या चुकांचे खापर विद्यार्थ्याच्या आळसावर किंवा शिक्षकाच्या अज्ञानावर फोडण्याचा प्रघात आहे. तो न्याय्य नव्हे. मराठी मुलाची पहिली ओळख होते ती नागरी लिपीशी, आणि ती थोडे अपवाद वगळता उच्चाराला इमान राखणारी आहे. जसे बोलावे तसे लिहावे, हा संस्कार घेऊन मूल इंग्रजीकडे वळते आणि तेथे उच्चार एक सांगतो, अक्षरे दुसरेच. शिवाय मराठी कानाला शब्दाच्या शेवटच्या ‘स’ आणि ‘झ’ यांतील फरक टिपण्याची सवय नसते. म्हणून सल्ला हे नाम आणि सल्ला देणे हे क्रियापद, दोन्ही त्याला सारखेच ऐकू येतात. ढिला या अर्थाचा, दोन ‘ओ’ असलेला इंग्रजी शब्द ‘स’कारान्त आहे, पण मराठीने त्याला ‘लूज’ करून घरात घेतले. परिणामी गमावणे या अर्थाच्या, एकाच ‘ओ’च्या शब्दाला उच्चाराची जागाच उरली नाही. संधी ‘गमावली’ असे लिहू जाणारा विद्यार्थी ती ‘ढिली केली’ असे लिहून मोकळा होतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष तो कोणता?

दोष असलाच, तर तो काही अंशी इंग्रजीच्या इतिहासाचा आहे. १०६६ मध्ये नॉर्मन राजवट आली आणि त्या भाषेत फ्रेंच शब्दांचा लोंढा शिरला. विद्वानांनी लॅटिनमधून शब्द आणले ते निराळेच. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातला आणि लेखन हळूहळू स्थिर होऊ लागले. परंतु नेमक्या त्याच काळात लोकांच्या तोंडचे स्वर पालटत होते. उच्चार पुढे निघून गेले, लेखन मागे राहिले. १७५५ च्या जॉन्सनच्या कोशाने या मागे राहिलेल्या लेखनाला प्रतिष्ठा दिली. इंग्रजी लेखनात अशा रीतीने उच्चारापेक्षा वंशावळच अधिक जपली गेली आहे. ही गोष्ट ध्यानी आली, की उपायही हाती लागतो. ज्या भाषेने शब्दांचे कूळ अक्षरांत जपले, तिचे शब्द कुळावरूनच ओळखावेत.

आज शिकविले जाते ते नेमके याच्या उलट. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या लांबलचक याद्या असतात. डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा जुळा. विद्यार्थी त्या जोड्या घोकतो आणि परीक्षेत त्याला दोन्ही शब्द व दोन्ही अर्थ आठवतात. कोणता अर्थ कोणाचा, तेवढेच आठवत नाही. जोडीने घोकलेले जोडीनेच मनात येते, हे त्याचे साधे कारण. दोघांना निराळे करावयाचे, तर ते निराळ्या दिवशी, आपापल्या गणगोतासह आणि एखाद्या पुऱ्या वाक्यात भेटले पाहिजेत.

‘ए-एल’ने संपणारे ‘नॅशनल’, ‘सेंट्रल’, ‘लोकल’ हे शब्द खेड्यातल्या मुलालाही ठाऊक असतात. ही सारी विशेषणे. त्याच पंक्तीतला ‘प्रिन्सिपल’ म्हणजे ‘मुख्य’. मुख्य रक्कम ती मुद्दल, मुख्य अध्यापक तो प्राचार्य. मराठीतल्या ‘मुख्याध्यापक’ या शब्दातच त्याची खूण आहे. कागद-दौत विकणारा ‘स्टेशनर’ हा मूळचा विद्यापीठाच्या आसपास ठाण मांडून बसणारा पुस्तकविक्या. गावोगाव फिरणाऱ्या फेरीवाल्यापासून वेगळा. त्याच्या नावाच्या शेवटी ‘ई-आर’ आहे, म्हणून त्याच्या मालातही ‘ई’. स्थिर या अर्थाच्या शब्दात मात्र ‘ए’. दुकानांच्या पाट्यांवर हा ‘ए’ पुष्कळदा आढळतो. म्हणजे दुकान कागदांचे की न हलणाऱ्या वस्तूंचे, असा प्रश्न पडावा! गंमत अशी, की हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘स्था’ धातूचे दूरचे आप्त आहेत. रोग या अर्थाच्या शब्दाची फोड केली, तर ‘ईझ’ म्हणजे स्वास्थ्य आणि ‘डिस’ म्हणजे त्याचा अभाव; मराठीतले ‘अस्वास्थ्य’ तेच सांगते. एकदा ही फोड कळली, की त्या शब्दात ‘डी-आय-एस’च हवे, हे निराळे घोकावे लागत नाही. दैनंदिनी या अर्थाच्या ‘डायरी’चे नाते लॅटिन भाषेतल्या दिवसवाचक शब्दाशी आणि त्यामार्गे संस्कृत ‘दिवस’ या शब्दाशी आहे. ‘दिवस’चा ‘दि’ म्हणजे ‘डी-आय’. ‘डायरी’ही तशीच सुरू होते. दुधाच्या ‘डेअरी’त आधी ‘ए’ येतो, मग ‘आय’.

सल्ला, सराव, परवाना यांसारख्या शब्दांना तर एकच नियम पुरतो. नामात ‘सी’, क्रियापदात ‘एस’. भारतातील कचेऱ्या ही ब्रिटिश रीत पाळतात. अमेरिकेत सराव आणि परवाना या शब्दांपुरती ती मोडली आहे. संगणकाचा कोश अमेरिकी इंग्रजीवर लावलेला असेल, तर तो परवान्याच्या शुद्ध ‘सी’लाही चूक ठरवितो. तेथे यंत्रापेक्षा नियमावर विसंबणे श्रेयस्कर.

ही रीत मराठी माणसाला परकी नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांत केवळ एका वेलांटीचे वा उकाराचे अंतर आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेल्या भरीने ऱ्हस्वदीर्घाची शिस्त घालून दिली. तथापि सुजाण वाचक ‘दीन’ ओळखतो तो नियम आठवून नव्हे. ‘दीनदुबळे’ आणि ‘दीनवाणा’ हे त्याचे सोबती त्याला ठाऊक असतात. तसेच ‘दिन’चे ‘दिनदर्शिका’ आणि ‘दिनक्रम’. शब्द सोबतीवरून ओळखण्याची जी कला मराठीत हाडीमाशी खिळली आहे, तीच इंग्रजीत वापरावयाची आहे.

केळापूरसारख्या तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील गोंड व कोलाम कुटुंबांतील कित्येक मुलांच्या घरी गोंडी किंवा कोलामी बोलली जाते. तेलंगणाच्या सीमेमुळे तेलुगूही कानांवर असते. अशा मुलाला शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा, आणि इंग्रजी तिसरी किंवा चौथी. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, ती या मुलांच्याही वाट्याला आली. ‘बी’ऐवजी ‘डी’ लिहिले म्हणून त्याच्या वहीवर तांबड्या शाईचा सडा घालण्याआधी, ते किती भाषांचे ओझे एकाच वेळी वाहत आहे, याचा विचार व्हावयास हवा.

परकी भाषेच्या एका अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. नागरिकाच्या हक्काचा कागद त्याच्या भाषेतच असला पाहिजे, आणि तसा आग्रह धरणे हे इंग्रजीच्या शिक्षणापेक्षाही निकडीचे आहे. परंतु ते होईपर्यंत आणि झाल्यावरही, उच्च न्यायालयाचा निवाडा, वैद्यकाचे पुस्तक आणि नोकरीची परीक्षा इंग्रजीतच समोर येणार. चिपळूणकरांच्या काळापासून या भाषेला वाघिणीचे दूध म्हणतात. ते पचवावयाचे, तर शब्दांच्या याद्या घोटून भागणार नाही.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. शाळेच्या फळ्यावर आठवड्याला एकच शब्द, त्याच्या कुळासह आणि मुलांनीच रचलेल्या एका वाक्यासह लिहिला जावा. त्याचा जुळा भाऊ महिन्याभराने यावा. लेखनिकाने पत्र रवाना करण्यापूर्वी संशयास्पद शब्दाचा मराठी अर्थ मनाशी म्हणून पाहावा. ‘मुद्दल’ म्हणावयाचे आहे की ‘तत्त्व’, ‘मृत’ की ‘रोगी’, हे मराठीत क्षणात कळते. एवढ्या एका क्षणाने खिडकीपलीकडे ताटकळणाऱ्या माणसाचा एक हेलपाटा वाचला, तरी ते शुद्धलेखन सार्थकी लागेल.