पंधरा घरांच्या खर्चात एक घर

ऑक्टोबर १९९८ च्या अखेरीस ‘मिच’ या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत थैमान घातले. एकट्या होंडुरासमध्ये पाच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. त्यानंतरच्या पुनर्बांधणीसाठी जे हात पुढे आले, त्यांत उत्तर अमेरिकेतील चर्चचे गट मोठ्या संख्येने होते. आठवडा-दोन आठवड्यांची सवड काढायची, स्वखर्चाने अथवा चर्चमधील मंडळींच्या देणग्यांवर विमानप्रवास करायचा, एखाद्या खेड्यात विटा वाहायच्या, भिंती उभारायच्या, गावकऱ्यांसोबत प्रार्थना करायची आणि परतायचे, असे या ‘अल्पकालीन मिशन’चे स्वरूप असते. हेतूविषयी शंका घ्यावी असे त्यात वरकरणी काहीच नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा.

हा हिशेब मांडण्याचे धाडस चर्चच्या विरोधकांनी नव्हे, तर एका ख्रिस्ती अभ्यासकानेच केले. अमेरिकेतील केल्विन कॉलेज या ख्रिस्ती संस्थेचे समाजशास्त्रज्ञ आणि दीर्घकाळ होंडुरासमध्ये वास्तव्य असलेले कर्ट व्हर बीक यांनी मिचनंतर बांधलेल्या घरांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहुण्या स्वयंसेवकांनी बांधलेल्या एका घरामागे, प्रवासखर्च धरून, सरासरी ३० हजार डॉलर खर्ची पडले होते. तसेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये बांधत होत्या. म्हणजेच एका घराच्या खर्चात पंधरा घरे उभी राहिली असती. परक्यांनी बांधलेल्या आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात पुढे काही लक्षणीय फरक पडल्याचेही त्यांना आढळले नाही.

या प्रवासांचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. विमानाच्या तिकिटावर खर्च होणारा पैसा एरवी होंडुरासपर्यंत पोहोचलाच नसता, असे ते म्हणतात. ओळखीतला तरुण निघाला आहे म्हणून लोक हात सैल सोडतात. दूरच्या अनोळखी संस्थेला तेवढ्या उत्साहाने कोणी देणगी देत नाही. शिवाय दारिद्र्य डोळ्यांनी पाहिलेला माणूस बदलतो आणि पुढे आयुष्यभर देत राहतो, असेही सांगितले जाते. व्हर बीक यांनी नेमका हाच दावा तपासला. प्रवासानंतर आपले दातृत्व वाढले, असे अनेक स्वयंसेवक सांगत होते. परंतु देणग्यांच्या प्रत्यक्ष नोंदी त्याला फारसा दुजोरा देत नव्हत्या. परिवर्तनाची भावना खरी असेल; पण परतल्यानंतर तिला धरून ठेवणारी व्यवस्था नसेल, तर ती लवकरच ओसरते.

हा प्रश्न एखाद्या देशापुरता अथवा मूठभर उत्साही तरुणांपुरता मर्यादित नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ मधील पाहणीच्या आधारे केलेल्या अंदाजानुसार, अमेरिकेतील सुमारे १६ लाख चर्चसदस्य त्या काळी दरवर्षी अशा परदेशी प्रवासाला जात होते. एवढा मोठा ओघ एखाद्या गरीब प्रदेशाकडे वळतो, तेव्हा तो केवळ मदत राहत नाही. तेथील व्यवहारच त्याच्या सोयीने घडू लागतात. गावाला शिक्षक हवा असतो. परंतु आठवडाभरात पूर्ण होणारे आणि छायाचित्रात दिसणारे काम म्हणजे भिंतीला रंग देणे. गावातला गवंडी बेकार बसलेला असतो आणि हाती कधी थापी न धरलेला महाविद्यालयीन विद्यार्थी विटा रचत असतो. पाहुणे डॉक्टर औषधे वाटून जातात. मात्र मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रुग्णाला पुढल्या महिन्याच्या गोळ्या कोण देणार, याचे उत्तर त्यांच्यापाशी नसते.

या विसंगतीचे सर्वांत गंभीर रूप दिसते ते मुलांच्या बाबतीत. जानेवारी २०१० मधील भूकंपानंतर हैती देशातून ३३ मुलांना आवश्यक कागदपत्रांविना शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेणाऱ्या दहा अमेरिकी बाप्टिस्ट स्वयंसेवकांना सीमेवर अटक झाली होती. अनाथांना आसरा देण्यासाठी आपण निघालो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु त्यांतील बहुतेक मुलांचे पालक हयात असल्याचे पुढे उघड झाले. ते प्रकरण अपवादात्मक म्हणून सोडून दिले तरी त्यामागची समजूत अपवादात्मक नाही. पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या अनाथालयाला मुले हवीच असतात आणि गरीब आईबाप दोन वेळच्या अन्नाच्या व शाळेच्या आशेने ती तेथे सोडतात. दर पंधरवड्याला नव्या माणसाचा लळा लागायचा आणि तो तुटायचा, ही त्या मुलांना मोजावी लागणारी आणखी एक किंमत. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली, तर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ मध्ये बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेच्या धोक्याकडे लक्ष वेधले.

ही टीका नवीही नाही. व्हिएन्नात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू व विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्येच, मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांच्या तोंडावर खडे बोल सुनावले होते. प्रवासी अथवा विद्यार्थी म्हणून येण्यास त्यांचा आक्षेप नव्हता. उद्धारकर्त्याच्या भूमिकेला होता. ज्यांची भाषाही येत नाही, त्यांचे भले कशात आहे हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

येथे मिशनकार्याच्याच जुन्या परंपरेशी तुलना उद्बोधक ठरते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले आणि १९२८ पर्यंत ते येथे राहिले. स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देण्याची सोयही तेथे झाली. त्या काळच्या मिशनांचे परकीय सत्तेशी असलेले नाते आणि धर्मांतराचा हेतू यांवर वाद आहेत व ते राहतील. परंतु जवळजवळ चार दशके एका ठिकाणी राहणाऱ्याला आपल्या चुकांचे परिणाम पाहावेच लागतात. दहा दिवसांच्या पाहुण्याला ती सक्ती नसते.

खुद्द चर्चच्या वर्तुळातही आता हे ओळखले गेले आहे. अमेरिकेत २००३ मध्ये अशा प्रवासांसाठी आदर्श निकष तयार झाले. ख्रिस्ती लेखकद्वय स्टीव्ह कॉर्बेट व ब्रायन फिकर्ट यांच्या २००९ मधील ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ या पुस्तकाने मदतीतून होणाऱ्या हानीची चर्चा चर्चमध्ये नेली. उपायही फार अवघड नाहीत. काम कोणते, हे गावाने ठरवावे. मजुरी गावातल्या गवंड्याला मिळावी. अनाथालयापेक्षा कुटुंब टिकवण्यावर पैसा खर्च व्हावा. आणि जो प्रवास मुख्यतः जाणाऱ्याच्या शिक्षणासाठी आहे, त्याला शिक्षण म्हणावे, सेवा म्हणू नये. शिकण्यासाठी जाण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र त्याचा खर्च गरिबांच्या नावे मांडला जातो, तेव्हा न बांधल्या गेलेल्या चौदा घरांचा जाब कोणीतरी विचारायलाच हवा.