छडी गेली, जीभ राहिली

‘आधी मानसिकता बदलली पाहिजे हो!’ हे वाक्य प्रशिक्षणांत आणि सत्कार समारंभांत इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ते आलं की मी घड्याळाकडे बघतो. बोलणारा टाळ्या घेऊन जातो, ऐकणारे चहा पिऊन जातात आणि सोमवारी ये रे माझ्या मागल्या! माझं मत नेमकं उलट आहे. मानसिकता बदलते ती सगळ्यात शेवटी. आधी बदलावी लागते रोजच्या कामाची रीत.

माझ्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी घातली, मानसिक छळालाही घातली. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. बऱ्याच वर्गांतून छडी गेली. पण तिच्या जागी काय आलं? ‘डोक्यात काय बटाटे भरलेत का रे?’ छडीचा वळ चार दिवसांत जातो. हे वाक्य मूल जन्मभर जपून ठेवतं.

शिक्षक दुष्ट असतात म्हणून असं होतं का? मुळीच नाही. कुठे दाटीवाटीचा वर्ग, कुठे एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, वर अभ्यासक्रम संपवायची घाई. छडी हे वेळ वाचवायचं हत्यार होतं. हत्यार काढून घेतलं, घाई तशीच ठेवली. मग जिभेला काम मिळालं!

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचंही तेच झालं. कल्पना किती सुंदर... प्रत्येक मुलाकडे रोज नीट बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. पण बघायला वेळ कुणी दिला? मग वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि साऱ्या वर्गाबद्दल त्याच चार ओळी उतरू लागल्या.

स्वतःत बदल करतानाही हेच दिसतं. १ जानेवारीला फिरायला निघणाऱ्यांचे नव्याचे नऊ दिवस असतात. टिकतो कोण? ज्याचा मित्र पहाटे नाक्यावर वाट बघत उभा असतो तो. त्याची इच्छाशक्ती आपल्यापेक्षा जास्त असते असं नाही. त्याने सोय जास्त चांगली केलेली असते, इतकंच.

संस्थेत असा नाक्यावर उभा राहणारा मुख्याध्यापक लागतो. मी एक पाहिले आहेत. त्यांनी परिपत्रक काढलं नाही. सगळ्यांना नकोशी असलेली तुकडी स्वतःकडे घेतली, गणिताला. आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगायचे, “आज माझा तास साफ फसला, तुम्ही अपूर्णांक कसे शिकवता?” वरिष्ठच असं विचारतो म्हटल्यावर बाकीचेही बोलू लागले. पुढे आठवड्यातला एक तास त्यासाठीच राखून ठेवला गेला. मुलांवरचा आवाज उतरला तो त्यानंतर, भाषणाशिवाय!

म्हणून शाळा, बँक, सोसायटी, कुठेही बदल घडवू पाहणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. शपथा देऊ नका. सर्वात अवघड काम आधी स्वतः उचला आणि दुसऱ्याला ते जमावं म्हणून त्याच्या दिवसातला कुठला भार कमी करणार, ते सांगा. हे सांगता येत नसेल तर निदान मानसिकतेवर बोलू नका.

आणि आमच्या नात्यातल्या आईबाबांनो, हे घरच्या अभ्यासालाही लागू आहे बरं का!