सिलिंडर घरात आला, धूर मात्र गेला नाही

उज्ज्वला योजनेचा ८ कोटी जोडण्यांचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत जाहीर झाला. गावोगावी गॅस पोचला. तरीही पहाटे कुठल्याही वस्तीवर गेलं की चुलीचा धूर दिसतोच.

कनेक्शन मिळणं वेगळं आणि टाकी भरून आणणं वेगळं. २०२३-२४ मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकांनी वर्षाला सरासरी चारच्या आसपास टाक्या घेतल्या. म्हणजे एक टाकी तीन महिने पुरवली. पाच-सहा माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर ती एवढी टिकत नाही. उरलेलं काम चुलीवरच होतं.

कारण साधं आहे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या घरच्या असतात, टाकीला मात्र रोख पैसे लागतात. केंद्राचं ३०० रुपये अनुदान आहे, राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत आहेत. पण आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि मग खात्यात यायची वाट बघायची. हातावर पोट असलेल्या घराला नेमकं हेच जमत नाही. शिवाय कनेक्शन बाईच्या नावावर नसेल तर अन्नपूर्णाचा लाभ नाही.

सरपण फुकट वाटतं, पण ते आजारपणात वसूल होतं. घरातल्या धुरामुळं २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची २ लाखांहून जास्त लेकरं होती. फुफ्फुसाचे जुनाट आजार, हृदयविकार, पक्षाघात, कॅन्सर, मुलांचा न्यूमोनिया या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. चुलीपुढं बसणारी बाई आणि तिच्याजवळचं लेकरू तो सगळ्यात जास्त घेतात.

धूर निदान दिसतो. थंडीत दार लावून पेटवलेल्या कोळशाच्या शेगडीतला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. झोपेतच माणूस जातो. त्यामुळं बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नये.

अंघोळीचं पाणी बाहेरच्या चुलीवर तापवणं, स्वयंपाकघराला धुरांडं किंवा खिडकी ठेवणं, लहान मुलांना चुलीपासून लांब ठेवणं, एवढं घरच्या घरी करता येतं. पण मूळ दुखणं पैशाचं आहे. अनुदान नंतर खात्यात देण्याऐवजी टाकी घेतानाच किमतीतून वजा केलं, तर चुलीवरचा भार कमी होईल. ग्रामसभेत रस्ता-पाण्याबरोबर हा ठरावही घ्यायला हवा.